शकुनाचा एक: ‘वाचले’ बटणाच्या मोहिमेची हकीकत

सकळगुणमंडित, गृहराज्यधुरंधर पूर्वाबाईसाहेब गंगावणे, मुक्काम बिबवेवाडी, यांचे हुजुरास वाकेनवीस सेवकाचे कृतानेक प्रणाम. उपरी विशेष. बाईसाहेबी हुकूम फर्माविला की, आमचे यजमान राजश्री चेतनराव यांणी लागोपाठ तीन शनिवार लॅपटॉपाचे नादी घालविले, त्या अवधीत बेसिनखालचा नळ ठिबकत राहिला, नणंदबाई आल्या त्या चहाविना गेल्या, आणि विचारता ‘महत्त्वाचे काम आहे’ यापरते उत्तर मिळाले नाही. मसलतीपैकी अर्धे आमचे कानी आले, अर्धे नाही. तरी काम कोणते, त्यात कोण कोण पडले, जय कोणाचा आणि फजिती कोणाची, याचा साद्यंत मजकूर काही न लपविता लिहोन सादर करणे. आज्ञा शिरसावंद्य. सबब जे पाहिले, जे ऐकिले, आणि जे यजमानांचे मुद्रेवरोन उमगले, ते येणेप्रमाणे.

राजश्री चेतनराव, वय वर्षे अडतीस, खराडी प्रांती एका कंपनी सरकारची चाकरी करीत होते. ती चाकरी कोणती, हे बारा वर्षांत त्यांचे मातोश्रींस समजले नाही, आणि अलीकडे त्यांसही नीटसे समजत नसे. दूर देशीच्या एका विमा पेढीचा जुना कोड होता, तो हे जपत. आणि जपणे म्हणजे त्यास हात न लावणे. नित्य सकाळी दहा वाजता उभी मजलिस भरे, तीत प्रत्येक सरदाराने काल काय केले आणि आज काय करणार हे सांगावे, आणि दोन्हींत फार अंतर नसावे, ऐसा दस्तूर होता. ऐसी बारा वर्षे गेली, आणि मग चेतनरावांचे चित्तात आले की, आपल्या नावाचे म्हणोन काही एक या जगी असावे. कोणी मागितले नव्हते, कोणी सांगितले नव्हते, पगार तो नव्हताच; तरी त्यांणी ते आरंभिले. या व्याधीस छंद म्हणतात.

आता जे आरंभिले त्याची फोड केली पाहिजे. इंटरनेटाचे मुलखात ज्यास जे वाटेल ते लिहोन टांगावयाचे फळे असतात, त्यांस ब्लॉग म्हणतात. आणि त्या फळ्यास जी जोडवस्तू बाहेरोन बसविता येते, तीस प्लगइन म्हणतात. पुणे शहरी लिहिणारे उदंड, आणि प्रत्येकास दुसऱ्याने वाचावे ऐसी असोशी, परंतु दुसरा आपले लिहिण्यात गुंतलेला; त्यामुळे सकळ शहर लिहीत होते आणि वाचणारा औषधास मिळत नव्हता. या दुखण्यावर चेतनरावांस इलाज सुचला तो आपले सोसायटीचे सूचना वहीवरोन. तेथील वॉचमन कचरू वही घेऊन दारोदार फिरे, आणि घरधनी मंडळी दारातच, एक हात दाढीच्या फेसात, सूचना न वाचता ‘वाचले’ म्हणोन सही ठोकीत. उद्या पाणी बंद, या सूचनेवर एकदा अठ्ठावीस सह्या जाहल्या, आणि दुसरे दिवशी अठ्ठावीसही घरी बादली कोरडी. त्या अठ्ठाविसांत एक सही चेतनरावांची होती. तथापि त्यांस त्यातील बोध दिसला नाही, बटण दिसले.

मग त्यांणी दोन महिने खपोन ‘वाचले’ नामे प्लगइन सिद्ध केले. लेखाखाली एक बटण यावे, वाचकाने वाचोन ते दाबावे, आणि शेजारी आकडा वाढावा, इतकीच त्याची करामत. परंतु प्रथम चाचणीचे समयी आकड्याचे जागी शून्य दिसले, आणि मातोश्री पाठीशी उभ्या होत्या, त्या म्हणाल्या की, पहिल्याच दिवशी शून्य कसले दाखवितोस, अहेराचे पाकिटासदेखील वर एक रुपया चिकटवलेला असतो, कोणाचे पान रिते ठेवू नये. ते चेतनरावांचे मनास पटले, आणि त्यांणी कोडात एक ओळ घातली की, लेख प्रसिद्ध होताच कोणी न दाबता आकडा एक मांडावा. या ओळीस कोठे टीप लिहिली नाही, कागद केला नाही, आणि सहा महिन्यांत ती स्वतःच विसरोन गेले. पुढील सर्व अनर्थ या शकुनाच्या एकातोन उपजला.

प्लगइन खुल्या दफ्तरात चढविले, ज्यास पाहिजे त्याने फुकट न्यावे म्हणोन, आणि हळूहळू अंमल पसरला. पहिले वर्षी नऊ ब्लॉग, तिसरे वर्षी नव्वद, सहावे वर्षी दोनशे चौदा. त्यांपैकी दीडशे ब्लॉगांचे धनी केव्हाच फळा टाकोन निघोन गेलेले, परंतु फौजेची गणती करितेवेळी मेलेले शिपाई वगळण्याचा प्रघात नाही. चेतनराव उभ्या मजलिशीतही एक डोळा त्या आकड्यावर ठेवीत. लोक तारे देऊन पसंती कळवितात, ते तारेही पडले, त्यांत कोथरूडचे रंगराव नामे गृहस्थ, पालिकेस उद्देशोन रोज एक लेख लिहीत, त्यांणी पाचांत एकच तारा देऊन लिहिले: “बटण लहान आहे. बोट मोठे आहे. दोहोंपैकी एक बदलावे.” चेतनरावांणी बटण मोठे केले. तारा एकचा दोन जाहला नाही.

ऐसे चालले असता या वर्षी पावसाळा सरताना ब्लॉगांचे जे मूळ तख्त, तेथोन फर्मान सुटले की, आता नवी आवृत्ती येते, जुनी प्लगइने तीत रुजू करावी, न करतील त्यांची दफ्तरातोन बडतर्फी होईल. मुदत साठ दिवस. चेतनरावांस घाम फुटला, कारण सहा वर्षांमागील आपलाच कोड त्यांस परक्याचा वाटू लागला. इतक्यात हिंजवडीचे यज्ञेश्वर नामे तरुण शिलेदार, ओळख ना देख, आपण होऊन कुमकेस आले. यांस दुसऱ्याचा कोड स्वच्छ करण्याची हौस होती, आणि हिंजवडीहून घरी पोहोचेतो कंपनीचे बसगाडीत दोन तास मिळत, ते त्यांणी सत्कारणी लावले. सव्वाशे ठिकाणी झाडलोट करोन त्यांणी बदलांचा खलिता चेतनरावांकडे मंजुरीस रवाना केला. त्यात एकसष्टावे कलम ऐसे होते की, येथे आकडा विनाकारण एकापासोन सुरू होतो, चूक दिसते, काढली आहे.

खलिता पोहोचला तेव्हा चेतनराव उभ्या मजलिशीत उभे होते. विमा पेढीची मंडळी दूर देशाहून बोलत होती, यांची पाळी येण्यास दोन माणसे अवकाश होता, आणि सव्वाशे कलमे वाचण्यास अर्धा दिवस पाहिजे होता. मग त्यांणी तेच केले जे सोसायटीचे वहीवर केले होते. वर दोन ओळी पाहिल्या, खाली एक पाहिली, ‘उत्तम, मंजूर’ ऐसे लिहिले, आणि खूण केली. ज्याणे वाचल्याची नोंद ठेवण्याचे यंत्र केले, त्याणे न वाचता नोंद केली. आणि नवी आवृत्ती दोनशे चौदा ब्लॉगांवर जाऊन बसली.

पहिले आठ दिवस काही जाहले नाही, कारण जुन्या लेखांवरील आकडे जुनेच राहिले होते. मग हळूहळू ध्यानी येऊ लागले की, नव्या लेखाखाली शून्य आहे, आणि ते हालत नाही. यावरोन मोठा दंगा उसळला. जे लेखक आपणास निदान एक तरी रसिक आहे या भरवशावर वर्षानुवर्षे लिहीत आले, त्यांचा तो रसिक एका दिवसात नाहीसा जाहला. एकाने लिहिले की, माझा वाचक चोरीस गेला. एकाने विचारिले की, हे माझ्या राजकीय मतांमुळे तर नाही. रंगरावांणी आपला जुना तारा कायम ठेवोन खाली पुरवणी जोडिली: “पूर्वी वाचक होते. आता नाहीत. प्लगइन बिघडवून दाखविल्याबद्दल अभिनंदन.” पंधरा दिवसांत चव्वेचाळीस तक्रारी दाखल जाहल्या, आणि चेतनरावांस मनातून उकळ्या फुटत होत्या, कारण इतके लोक आपले प्लगइन खरोखर वापरतात हे त्यांस प्रथमच कळत होते.

पहिल्या शनिवारी त्यांणी मोर्चे बांधिले. सव्वाशे कलमे आता कोठे वाचावयास घेतली, आणि सायंकाळी एकसष्टावे सापडले, आणि मातोश्रींचा अहेर आठवला. उपाय सोपा होता. एक ओळ परत घालावी, दंगा शमावा, तक्रारी मिटाव्या, आणि कोणास काही कळो नये. त्यांणी ती ओळ लिहिली देखील. मग ती सोडण्यापूर्वी उरलेल्या तक्रारी चाळाव्या म्हणोन बसले, तो त्रेचाळिसांनंतर एक पत्र निराळे निघाले. त्यात तारा नव्हता, राग नव्हता. ते ऐसे:

“महोदय, आपले बटण चालू आहे की बंद, एवढेच कळवावे. चालू असल्यास उत्तराची तसदी नको. जब्बार तांबोळी, भवानी पेठ.”

हे पत्र चेतनरावांणी तीन वेळा वाचिले. यजमान कोणतीही गोष्ट तीन वेळा वाचतात ऐसा लौकिक नाही, म्हणोन ही गोष्ट सेवकाने मुद्दाम टिपिली. मग त्यांणी उलट जाब लिहिला की, तपास चालू आहे, आपली अडचण काय ती सविस्तर लिहावी. त्याचे उत्तर बुधवारी आले. जब्बार तांबोळी हे पालिकेचे मराठी शाळेत सदतीस वर्षे गणित शिकवोन निवृत्त जाहले. कुटुंब वारले. घरी एकटे. जुन्या हजेरीपटांच्या वह्या त्यांणी जपोन ठेविल्या होत्या, आणि ‘हजेरी’ नामे ब्लॉगावर दर गुरुवारी त्यातील एका विद्यार्थ्याविषयी लिहीत, ऐसे तीनशे सात गुरुवार जाहले होते. पुढील मजकूर त्यांचेच शब्दांत देणे भाग आहे.

“माझी मुलगी मिसबा टोरांटोस असते. आमचे बोलणे फारसे होत नाही, ईदेला होते. मी सकाळी सातला लेख टाकतो आणि टाकताक्षणी वाचल्याची एक खूण येते. तिकडे तेव्हा जेवणे आटोपलेली असतात. सहा वर्षांत एक गुरुवार चुकलेला नाही. आता पाच गुरुवार शून्य आहे. आजारी आहे की रागावली आहे, हे मला विचारता येत नाही. बटण बिघडले असेल तर फार बरे होईल.”

येथे मोहिमेचा रंग पालटला. आजवर तो मानापमानाचा आणि ताऱ्यांचा खेळ होता, आणि यजमान त्यात सुखी होते. आता त्यांचे एका ओळीवर एका वृद्धाचे सहा वर्षांचे घरपण उभे आहे ऐसे निघाले. ओळ परत घालावी, तो सर सुखी होतात, आणि मुलगी खरोखर आजारी असेल तरी त्यांस कळत नाही. न घालावी, तो सहा वर्षे दर गुरुवारी खूण देणारी लेक एका पत्राने काढोन घ्यावी लागते. दुसरा शनिवार या मसलतीत गेला. नणंदबाई आल्या तो हाच दिवस. चेतनरावांणी ओळ चार वेळा घातली आणि चार वेळा काढिली, मध्ये दोनदा चहा केला आणि दोन्हीदा एकट्यापुरता केला. अखेर संध्याकाळी त्यांणी बाईसाहेबांस अर्धे सांगितले. बाईसाहेब काय बोलल्या हे बाईसाहेबांस ठाऊकच आहे. तथापि हकीकतीत खंड नको म्हणोन लिहितो.

“म्हणजे एक माणूस आपलं वाचतं असं त्यांना सहा वर्षं वाटत होतं,” बाईसाहेब म्हणाल्या, “आणि तो तू होतास. तेही न वाचता.”

इतके बोलोन त्या कणीक मळावयास गेल्या. यजमान तेथेच बसोन राहिले. तोफेचा गोळा लागोन जो बुरूज ढासळावयाचा तो या एका वाक्याने ढासळला, आणि त्यांणी निश्चय केला की पत्रे पुरे, आता खासा स्वारी करावयाची.

मग तिसरे शनिवारी सकाळी दहा वाजता स्वारी बिबवेवाडीहून निघाली. दुचाकीवर आरूढ, शिरस्त्राण दस्तूराप्रमाणे डोईवर नसोन कोपरावर, पाठीशी पिशवीत लॅपटॉप. गंगाधामचे चौकात सिग्नल बंद होता, तेथे प्रत्येकाने आपापली वाट जिंकोन घ्यावी ऐसा प्रकार होता, त्यात पंधरा मिनिटे गेली. पुढे मार्केटयार्डास रविवारची झुंबड, कांद्याचे टेम्पो आडवे, त्यातोन वाट काढीत शंकरशेट रस्त्यास लागले, आणि तेथे पूल दिसताच वर जावे की खालोन, याचा निर्णय न जाहल्याने दोन्ही बाजूंच्या शिव्या खाऊन अखेर भवानी पेठेत पैवस्त जाहले. वाटेत त्यांणी काय बोलावे याची तीन भाषणे बांधिली होती. जिना चढता चढता तिन्ही विसरले.

दार सरांणीच उघडिले. वय चौऱ्याहत्तर, सडपातळ, इस्त्रीचा सदरा, खिशास दोन पेने, एक लाल. घड्याळाकडे पाहोन म्हणाले, “साडेदहा म्हणाला होतात. या. चप्पल तिथं.” खोलीत भिंतीस लागोन हजेरीपटांची चवड, मेजावर संगणक, त्यावर रुमाल झाकिला होता. पाणी दिले, खुर्ची दिली, आणि समोर उभे राहिले. सदतीस वर्षे उभे राहोन शिकविले, त्यांस बसोन प्रश्न विचारिता येत नसावा.

“बटण बिघडलंय का?” सरांणी विचारिले.

“नाही सर,” चेतनराव म्हणाले. “आधी बिघडलेलं होतं. आता दुरुस्त झालंय.”

गणिताच्या मास्तरास याहून अधिक सांगावे लागत नाही. सर क्षणभर उभे राहिले, मग खुर्ची ओढोन बसले. “म्हणजे तो एक तुमचा.”

“माझा पण नाही. कोडचा. लेख आला की आपोआप पडायचा. आईनं सांगितलं म्हणून घातला होता, शून्य बरं दिसत नाही म्हणून.”

“म्हणजे सहा वर्षं मी यंत्राला लिहीत होतो,” सर म्हणाले. आवाज चढला नाही, हे चेतनरावांस फार लागले. चढला असता तर बरे वाटले असते. मग सरांणी विचारिले, “तुम्ही किती वाचलेत?”

“एकही नाही सर.”

सरांणी मान हलविली, जणो अपेक्षित उत्तर बरोबर आले. चेतनरावांस भुई दुभंगावी ऐसे जाहले. दोनशे चौदा ब्लॉगांचा सुभेदार, वाचकांची मोजदाद ठेवणारा, त्याणे त्यांपैकी एकाचाही एक लेख उघडोन पाहिला नव्हता. अशा समयी काही तरी हातास काम असावे म्हणोन त्यांणी विचारिले की, आपला संगणक पाहू का. सरांणी रुमाल काढोन घडी घातली आणि जागा दिली.

आता यजमानांस माणसांशी बोलता येत नसेल, परंतु दुसऱ्याचे ब्लॉगाचे अंतर्भागात शिरले की त्यांचे डोळे घारीचे होतात. सरांचा ब्लॉग त्यांचे एका विद्यार्थ्याने उभारोन दिला होता, आणि त्याणे कोपऱ्यात एक लहान चौकट ठेविली होती की, ज्यास पाहिजे त्याने आपला पत्ता टाकावा, लेख ईमेलने घरपोच मिळेल. सरांणी ती चौकट कधी पाहिली नव्हती. त्यांस वाटे ती जाहिरात. चेतनरावांणी तेथील यादी उघडिली. यादीत एकच नाव होते. मिसबा तांबोळी. नोंद दुसऱ्या लेखाचे दिवशीची. पाठविलेली पत्रे तीनशे आठ, उघडलेली तीनशे आठ, शेवटचे उघडले या गुरुवारी.

चेतनरावांचे डोकीत लख्ख प्रकाश पडला. बटण ब्लॉगावर असते, ईमेलमध्ये जात नाही. ती कन्या दर गुरुवारी पत्र उघडोन वाचीत होती, आणि यजमानांचे यंत्रास तिचा सुगावा सहा वर्षांत एकदाही लागला नव्हता. जो वाचक नव्हता तो यांणी मोजिला, आणि जो होता तो मोजिला नाही. दोन चुका एकमेकींचे अंगावर पडल्या, आणि आकडा मात्र बरोबर येत गेला.

सरांस दाखविले, तो प्रथम विश्वास बसेना. म्हणाले की, पत्र पोहोचले म्हणजे वाचले असे नाही, माझ्या वर्गात पुस्तक उघडोन बसणारे पुष्कळ असत. मग चेतनरावांणी कोणते पत्र किती वेळा उघडिले, ते एकेका लेखापुढील आकडे दाखविले. बहुतेकांपुढे एक, दोन, क्वचित तीन. ‘हजेरी क्रमांक एकतीस’ या लेखापुढे सव्वीस. सरांणी खुर्ची पुढे ओढिली. त्या लेखात त्यांणी लिहिले होते की, आपलीच मुलगी आपले वर्गात असता एकदा दोन मिनिटे उशिरा आली, आणि सर्वांस समान न्याय म्हणोन आपण तिची गैरहजेरी मांडिली, आणि ती दिवसभर वर्गात बसोनही गैरहजर राहिली. त्या दिवशी आपण बरोबर होतो की नाही हे अद्याप ठरत नाही. तो लेख कन्येने सव्वीस वेळा उघडिला होता.

मग सरांणी संगणकाचा उंदीर, ज्यास माउस म्हणतात, तो हाती घेतला, आणि यादीतील पहिल्या ओळीवर बोट ठेवोन मोजावयास आरंभ केला. तीनशे आठ ओळी, एकही न गाळता, ओठ हलवीत, जसा पट मांडावा तसा. चेतनराव बाजूस उभे राहिले. जगात इतक्या हळू कोणी काही वाचीत असेल, हे त्यांस ठाऊक नव्हते. मोजोन जाहल्यावर सर म्हणाले, “भरली.”

“सर, त्यांना फोन लावू या का?” चेतनरावांणी विचारिले.

“नको. तिला कळता कामा नये की मला कळलंय. लगेच वाचायची थांबेल.” सरांणी रुमालाची घडी उलगडोन पुन्हा घातली. “मी ओळखतो तिला. माझ्यावर गेलीय.”

यानंतर तहाची कलमे ठरली. ती सरांणी सांगितली आणि यजमानांणी बिनतक्रार मान्य केली. शकुनाचा एक पुन्हा घालू नये. शून्य असेल तेथे शून्य दाखवावे, सदतीस वर्षे शून्य मार्क दिले, शून्याने कोणी मेल्याचे ऐकिवात नाही. यज्ञेश्वरांस दोष देऊ नये, मुलाने गणित बरोबर सोडविले. आणि शेवटचे कलम ऐसे की, चेतनरावांणी येथे बसोन या गुरुवारचा लेख वाचावा. मोठ्याने नको, मनात. यजमान बसले. लेख एका विद्यार्थ्याविषयी होता, जो मधल्या सुट्टीत हरवे, आणि जिन्याखाली बसोन इतर मुलांच्या तुटक्या चपलांचे पट्टे शिवी, आणि त्याबद्दल कधी काही मागत नसे. दोन पानांचा मजकूर. यजमानांस वीस मिनिटे लागली, कारण मध्ये दोनदा परत वर जावे लागले. वाचोन जाहल्यावर त्यांणी स्वतःचे हाताने, स्वतः घडविलेले, रंगरावांचे बोटाच्या मापाने मोठे केलेले ते बटण दाबिले. शून्याचा एक जाहला.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. नगारे वाजले नाहीत. खाली एक टेम्पो मागे येत होता, त्याचे भोंग्याचे गाणे वाजले, तेवढ्यावर भागविले. दुसरे दिवशी नवी आवृत्ती रवाना जाहली, मुदतीस चार दिवस राखोन, आणि तिचे टिपणात चेतनरावांणी सहा वर्षांचा शकुनाचा एक आपल्या नावे कबूल करोन जाहीर माफी मागितली, आणि यज्ञेश्वरांची उरलेली चौसष्ट कलमे वाचोन दोन ठिकाणी खरोखर चूक काढिली. माफीचा परिणाम ऐसा जाहला की, एकोणीस ब्लॉगांणी त्याच दिवशी प्लगइन उतरविले. ज्यांस खरा आकडा नको होता त्यांणी मुलूख सोडिला. रंगरावांणी लिहिले: “प्रामाणिकपणा समजला. वाचक परत करावे.” अंमल दोनशे चौदाचा एकशे पंच्याण्णव जाहला, आणि यजमानांणी त्याबद्दल एकदाही आकडा उघडोन पाहिला नाही, निदान सेवकासमक्ष नाही.

शुक्रवारी दफ्तरात जब्बार सरांचा अभिप्राय दाखल जाहला. पाचांत तारे तीन. खाली शेरा: “काम समाधानकारक. उशिरा हजर.” यजमान तो दिवसभर मिरवीत होते. खराडीचे उभ्या मजलिशीत, काल काय केले याचे उत्तरी, त्यांणी तोच वाचोन दाखविला, आणि विमा पेढीच्या मंडळीने त्याचा तर्जुमा मागितला.

इतकी हकीकत साद्यंत लिहोन हुजुरात सादर केली. सेवकास धास्ती होती की, बाईसाहेब वहीवर करितात तैसीच दारात उभ्याने सही ठोकतील. परंतु बाईसाहेबांणी कागद घेतले, खुर्चीवर बसल्या, चष्मा लाविला, आणि सारे वाचिले. मग खाली ‘वाचले’ ऐसे लिहिले, सही केली, आणि सहीखाली आणिक एक ओळ लिहिली:

“शनिवार दोनच होते. भवानी पेठेत गेलास तो रविवार. नळ अजून ठिबकतो आहे.”

चूक पदरी घेतली. दुरुस्त केली नाही, मुद्दाम ठेविली, पुराव्यादाखल. या हकीकतीचे वाचक आजमितीस एक. आणि हा एक खरा. नळाचे कामी यजमान पाना घेऊन बेसिनखाली दाखल जाहले आहेत.